नाटकाला जाऊ, नटूही. पण डबीवरचे वाचून



या पानावर आपण आतापर्यंत रक्त कमी असणे, पाळीच्या तक्रारी, साखर, बी. पी. असे विषय घेतले. या वेळचा विषय आमच्या वस्तीतल्या वीस-पंचवीस वर्षांच्या मुलींनी दिला आहे. वाचायला हलका वाटेल, पण हलका नाही.

चेंबूरला आमच्या विहाराचे महिला मंडळ दोन-तीन महिन्यांतून एकदा मुलींना नाटकाला नेते. बाल्कनीची तिकिटे काढायची, कुर्ल्याला गाडी बदलायची, दादरला उतरायचे आणि चालत शिवाजी मंदिर गाठायचे. कोणी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, कोणी दुकानात, कोणी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. आठवडाभर घर, पाणी, काम आणि लोकलची गर्दी यातून रविवारचे हे तीन तास त्यांचे स्वतःचे असतात. परतीच्या गाडीत त्या नाटकावर भांडतात, हसतात, नायिकेने असे का केले म्हणून वाद घालतात. मला ते ऐकायला फार आवडते.

मागच्या पावसाळ्यात आम्ही सतरा जणी निघालो होतो. सगळ्यांत आधी नाव देणारी मुलगी मात्र आली नाही. फोन बंद. दुसऱ्या दिवशी मी घरी गेले, तर ती ओढणीने तोंड झाकून बसलेली. ओढणी काढली तेव्हा दोन्ही गाल लालबुंद, गरम, बारीक पुळ्यांनी भरलेले. चुलीपाशी सोडा, ट्यूबलाइटखाली बसले तरी आग होते म्हणाली. चार महिन्यांपूर्वी तिने एका पार्लरमधून 'ग्लो येतो' म्हणून पांढरी डबी घेतली होती. डबीवर ना कंपनीचे नाव, ना तारीख. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा इतका उजळला, की शेजारच्या तिघींनी तीच डबी आणली. नाटकाच्या आठ दिवस आधी डबी संपली, पगार झालेला नव्हता, म्हणून नवी आणली नाही. आणि चेहरा पेटला.

ती मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, "ताई, मला नाटकाला छान दिसायचे होते." हा लेख त्या वाक्यासाठी लिहिते आहे.

नटणे चूक आहे का?

आमच्या विहारात हा प्रश्न निघाला. एक आजी म्हणाल्या, "उपासिकांना कशाला हवी लिपस्टिक? म्हणूनच असे होते." आजींचा मान ठेवूनच मी उत्तर दिले. तेच इथे लिहिते.

आपण रोज पंचशील घेतो. त्यात नटण्याला किंवा नाटक पाहण्याला मनाई नाही. पौर्णिमेला किंवा वर्षावासात आपण अष्टशील घेतो, त्यातले सातवे शील आठवा. नाच, गाणे, वाद्य, खेळ-तमाशे पाहणे आणि फुले, सुगंध, लेप, अलंकार यांनी सजणे या गोष्टी त्या एकाच शीलात एकत्र येतात. त्या दिवसापुरते आपण दोन्हींपासून दूर राहतो. एका दिवसासाठी बाजूला ठेवायला सांगितले, याचाच अर्थ एरवी गृहस्थाच्या जीवनात त्या असणार हे धरलेले आहे. महाउपासिका विशाखा मौल्यवान अलंकार घालत असे. भगवंतांकडे जाताना तो उतरवून ठेवत असे. तोच अलंकार पुढे तिने श्रावस्तीचे पूर्वाराम विहार बांधण्याच्या कामी लावला. तिला कोणी कमी दर्जाची उपासिका म्हणत नाही.

बाबासाहेबांनीही १९२७ साली महाडला आपल्या आया-आज्यांना स्वच्छ राहायला, लुगडे नीट नेसायला, जातीची खूण सांगणारे जाडजूड दागिने टाकायला सांगितले. त्या बायांनी ते लगेच अमलात आणले. नीटनेटके राहणे, मानाने चारचौघांत जाणे ही आपल्या चळवळीने शिकवलेली गोष्ट आहे. नाटकाचेही तसेच. शाहीर भीमराव कर्डकांच्या जलशापासून प्रेमानंद गज्वींच्या 'घोटभर पाणी'पर्यंत रंगमंचावरून आपल्या माणसांनी प्रश्न विचारले आहेत. मुलींनी ते पाहायला जावे, आणि नुसते हसायला लावणारे नाटक असेल तरी जावे. त्यांचाही हक्क आहे.

मग काळजी कशाची? पाचव्या शीलात आपण बेसावध करणाऱ्या गोष्टींपासून दूर राहण्याचा निश्चय करतो. तो मद्यासाठी आहे, पण सावध राहण्याचा धडा तिथून सगळीकडे नेता येतो. चेहऱ्याला काय लावतो ते न वाचता लावणे, हा बेसावधपणाच.

रंग कुठून येतो?

आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार होते. ते तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसांत जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या पेशी किती आणि कोणत्या प्रकारचे रंगद्रव्य बनवतात त्याचा, आणि तो आई-वडिलांकडून येतो. मेलॅनिन उन्हातल्या घातक किरणांपासून कातडीचे रक्षण करते. सावळा रंग हा आजार नाही, ते शरीराचे छत्र आहे.

उन्हाने रापलेला भाग काही आठवड्यांत पुन्हा मूळ रंगावर येऊ शकतो, कारण कातडीचा वरचा थर साधारण महिनाभरात बदलत राहतो. पण दंडाच्या आतल्या बाजूचा जो तुमचा मूळ रंग, त्याहून गोरे करणारे सुरक्षित मलम बाजारात नाही. जे 'सात दिवसांत गोरे' करते, ते कातडीला काहीतरी इजा करूनच करते. अशा डब्यांत बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट निघते: स्टेरॉइड किंवा पारा.

पहिला धोका : स्टेरॉइड

स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. इसब, सोरायसिस अशा आजारांत डॉक्टर ते ठरावीक दिवस, ठरावीक जागी लावायला देतात. मी वॉर्डात त्याचा उपयोग पाहिला आहे. पण ते चेहऱ्याला रोजच्या क्रीमसारखे लावले, की काय होते ते क्रमाने पाहा.

पहिले काही आठवडे कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, लाली आणि खाज जाते, चेहरा उजळ दिसतो. सगळ्या विचारतात, "काय लावतेस?" मग कातडी पातळ होऊ लागते. गालावर लाल बारीक शिरा दिसतात, मुरमे येतात, ओठावर आणि गालावर लव वाढते, ऊन सोसत नाही. लावणे थांबवले की चेहरा लाल होऊन जळतो, म्हणून मुलगी घाबरून पुन्हा लावते. व्यसनासारखे चक्र सुरू होते. आमच्या मुलीचे हेच झाले होते.

ही औषधे नावाने ओळखा : क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. शेवटी 'सोन' किंवा 'सोल' दिसले की थांबा आणि डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारा. वांगासाठी मिळणाऱ्या काही ट्यूबमध्ये मोमेटासोनबरोबर हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन अशी तीन औषधे एकत्र असतात. डॉक्टर ती थोड्या काळासाठी देतात. मुली मात्र ती वर्षानुवर्षे फेअरनेस क्रीम म्हणून लावतात. हायड्रोक्विनोन फार काळ लावले तर उलट निळसर-काळे डाग पडू शकतात, ते सहज जात नाहीत. ट्रेटिनॉइन गरोदरपणात वापरायचे नसते. नवीन लग्न झालेल्या मुलींनी हे खास लक्षात ठेवावे.

आणखी एक सवय आपल्या वस्त्यांत फार आहे. जांघेत किंवा काखेत नायटा झाला की मेडिकलमधून 'खाज जाणारी ट्यूब' आणायची. तिच्यात बुरशीच्या औषधाबरोबर कडक स्टेरॉइड असते. खाज थांबते, नायटा मात्र आतून पसरत राहतो. तीच ट्यूब मग आई, भाऊ, बहीण सगळे वापरतात आणि एखादी चेहऱ्यालाही लावते. नायट्याचे असे घरभर झालेले रूप मी कितीतरी घरांत पाहिले आहे.

२०१८ पासून कडक स्टेरॉइडची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा नियम आहे. ट्यूबवर 'आरएक्स' ही खूण असली, तर ती वस्तू सौंदर्यप्रसाधन नाही, औषध आहे, हे समजा.

मी हे वरून उपदेश म्हणून सांगत नाही. नर्सिंगच्या होस्टेलवर असताना मीही तीन महिने अशी ट्यूब लावली होती. माझ्या लग्नाचे बघत होते आणि प्रत्येक ठिकाणाहून "मुलगी सावळी आहे" एवढेच उत्तर यायचे. औषधांची पुस्तके उशाशी असताना मी ती लावली. म्हणून एखादी मुलगी डबी घेऊन माझ्याकडे आली, तर मी तिला रागावत नाही.

दुसरा धोका : पारा

पारा मेलॅनिन तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा भरभर उजळतो. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात म्हणजे किडनीत साठतो. लघवीला फेस येणे, सकाळी डोळ्यांभोवती सूज, संध्याकाळी पायांवर सूज ही किडनीची लक्षणे. हात थरथरणे, झोप न लागणे, चिडचिड, विसरायला होणे हेही पाऱ्याने होऊ शकते.

ही लांबची गोष्ट नाही. अकोला जिल्ह्यातल्या एकाच घरातल्या तीन महिलांच्या किडनीला त्रास झाला आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास केल्यावर त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा सापडला, ही बातमी २०२३ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत आली होती. केरळमध्येही असे रुग्ण सापडले.

आपल्या देशाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालायला बंदी आहे. चुकून आलेला असला तरी दहा लाख भागांत एक भागाहून जास्त चालत नाही. पण बिनानावाच्या डबीला नियम कोण लावणार? परदेशी अक्षरांच्या, आयात करणाऱ्याचा पत्ता नसलेल्या डब्यांचेही तसेच. यादीत मर्क्युरी, कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, अमोनिएटेड मर्क्युरी यांपैकी काही लिहिले असेल, किंवा 'सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका' अशी सूचना असेल, तर ती डबी लावू नका.

पारा लावणारीपुरता राहत नाही. टॉवेल, उशी, हात यांवरून घरातल्या लहान मुलांपर्यंत पोहोचतो. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळालाही त्याचा धोका असतो.

लावून बसलो असू तर?

घाबरू नका आणि लपवूही नका.

• डबी, ट्यूब, खोके जपून ठेवा आणि त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी असते, केसपेपर थोड्या पैशांत निघतो. मुंबईत सायन, केईएम, नायर इथे सोय आहे. इतर जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयात विचारा.

• स्टेरॉइड असल्याची शंका असेल, तर लवकरात लवकर डॉक्टर गाठा. एकदम बंद केल्यावर त्रास उसळतो. त्या दिवसांत काय लावायचे, औषध कसे कमी करायचे ते डॉक्टर सांगतात. कातडी सावरायला काही महिने लागतात. मधेच जळजळ झाली म्हणून जुनी डबी पुन्हा उघडू नका.

• पाऱ्याची शंका असेल, तर लावणे त्याच दिवशी थांबवा. डबी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा, मोरीत ओतू नका. टॉवेल, उशीचे अभ्रे धुवा. लघवीची आणि किडनीची तपासणी करून घ्या. डॉक्टरांना क्रीमचे आपणहून सांगा, कारण ते विचारतीलच असे नाही.

• लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट असले घरगुती उपाय जळक्या चेहऱ्यावर करू नका.

• अशी डबी विकणाऱ्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करता येते. एकटीने जायला अवघड वाटले तर महिला मंडळाने मिळून जावे.

नवीन वस्तू वापरून पाहायची असेल तर

विशीत नवे काही लावून पाहावेसे वाटणारच. मैत्रिणीने आणलेले सीरम, प्रदर्शनातली लिपस्टिक, मोबाईलवर पाहिलेले काही. खुशाल पाहा, पण या रीतीने.

१. आधी डबी वाचा. बनवणाऱ्याचे नाव व पूर्ण पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर, वापरण्याची शेवटची तारीख आणि घटकांची यादी हवी. बाहेरदेशची वस्तू असेल, तर आयात करणाऱ्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. यातले काही नसेल, तर वस्तू परत ठेवा, कितीही स्वस्त असली तरी.

२. थेट चेहऱ्यावर नको. कोपराच्या आतल्या बाजूला छोट्या जागी रोज दोनदा, आठ-दहा दिवस लावून पाहा. लाली, खाज, पुळी आली तर ती वस्तू तुमची नाही. केसांच्या कलपाची आणि 'काळ्या मेंदी'ची परीक्षा दर वेळी ४८ तास आधी करा. त्यांत पीपीडी हे रसायन असू शकते. त्याने चेहरा सुजून डोळे बंद झालेल्या बाया मी पाहिल्या आहेत.

३. एका वेळी एकच नवी वस्तू. तीन एकदम सुरू केल्या, तर त्रास कशाने झाला ते कळत नाही.

४. काजळ, मस्कारा, लिपस्टिक एकमेकींची वापरू नका. डोळे येणे आणि ओठांवरचे फोड असे पसरतात. उघडलेला मस्कारा तीन ते सहा महिन्यांत बदला.

५. टिकलीखाली कातडी खाजली किंवा पांढरी पडू लागली, तर टिकली लगेच बंद करा. काही टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनाने कपाळावर पांढरा डाग पडतो.

६. पैसे मोजकेच असतील, तर ते उजळ करणाऱ्या क्रीमवर घालू नका. एसपीएफ ३० चे साधे सनस्क्रीन घ्या. तेही परवडले नाही तर छत्री आणि सुती ओढणी घ्या. सौम्य साबण आणि अंघोळीनंतर साधे मॉइश्चरायझर एवढे पुष्कळ आहे. मुरमे येणाऱ्या तेलकट चेहऱ्यावर मात्र खोबरेल तेल रात्रभर ठेवू नका.

नाटकाच्या दिवशी

नवी वस्तू त्या दिवशी पहिल्यांदा लावू नका. ब्लीच, फेशियल करायचेच असेल तर चार-पाच दिवस आधी करा. जी लिपस्टिक, जी पावडर तुम्हाला सोसते तीच लावा. परत आल्यावर कितीही दमलात तरी चेहरा धुतल्याशिवाय झोपू नका.

एकदा प्रयोगानंतर आमच्या मुलींना रंगपटात जायला मिळाले. नुकतीच म्हाताऱ्या आईची भूमिका केलेली नटी आरशासमोर बसून तेल आणि कापसाने चेहरा पुसत होती. सुरकुत्या, पांढरट भुवया सगळे कापसावर उतरले आणि खालून पस्तिशीतली हसरी बाई निघाली. मुली तोंडात बोट घालून पाहत राहिल्या. तिने सांगितले, "घरी कितीही उशीर होवो, हे उतरवूनच निघते. रोज लावायचे तर कातडी जपावी लागते." मला वाटते, नटण्याचा याहून चांगला धडा मी देऊ शकणार नाही. आवडीने लावावे, वेळ झाली की उतरवावे, आणि खालचा चेहरा शाबूत असावा.

आयांसाठी, भावांसाठी

मुली स्वतःहून गोऱ्या व्हायला निघत नाहीत. लग्नाच्या बायोडाट्यात आपण 'रंग : गोरा' किंवा 'गव्हाळ' असे लिहितो. बाळ जन्मले की पहिला प्रश्न रंगाचा असतो. बहिणीला 'काळी' म्हणून हाक मारतो आणि वर लाडाने म्हणतो असे सांगतो. जन्मावरून माणूस मोठा-छोटा ठरवण्याविरुद्ध आपण धम्म घेतला. रंगही जन्मानेच मिळतो. मग आपल्याच घरात ही उतरंड कशी चालते? बायोडाट्यातून रंगाची ओळ काढून टाका. एवढे या महिन्यात प्रत्येक घराने केले, तरी कितीतरी डब्या विकल्या जाणार नाहीत.

आणि मुलगी नाटकाला जायचे म्हणाली तर जाऊ द्या. घरी यायची वेळ ठरवा, कोणाबरोबर जाते विचारा, पण जाऊ द्या. ज्या मुलीला बाहेर जाऊन हसता येते, मत मांडता येते, ती नुसत्या चेहऱ्यावर स्वतःची किंमत ठरवत नाही.

आमची ती मुलगी सहा महिने उपचार घेत होती. शेजारच्या तिघींनाही तिनेच ओपीडीत नेले. गेल्या महिन्यात ती पुन्हा आमच्याबरोबर दादरला आली. गालांवर थोडी लाली अजून आहे, ऊन अजून टोचते, म्हणून छत्री घेऊन आली होती. ओठांना लिपस्टिक होती. गाडीत बसल्यावर तिने ती माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "ताई, बॅच नंबर वाचून घेतलाय."

सर्वांचे मंगल होवो. जयभीम, नमो बुद्धाय.